दहा फुटी फिशिंग कयाकला नांगर कुठे आणि कसा बांधावा? (दाभोळ खाडी)

वाशिष्ठीकाठचा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. नोकरी पुण्यात, गाव दाभोळ खाडीच्या काठी. या वर्षी दहा फुटी सिट-ऑन-टॉप कयाक घेतली, रुंदी ३१ इंच. सुट्टीला गावी गेलो की तांबोशी आणि जिताडा या माशांसाठी खाडीत उतरतो. पोहता येतं, लाइफ जॅकेट कायम अंगात असतं.

अडचण अशी की वल्हं खाली ठेवून रॉड हातात घेतला की ओहोटी मला घेऊन निघते. खडपाजवळ (पाण्यातल्या खडकाजवळ) चांगली जागा सापडते आणि पाच मिनिटांत मी तिथून लांब. म्हणून दीड किलोचा चार आकड्यांचा, घडीचा नांगर मागवला. सोबत १० मीटर दोरी आणि एक छोटा फुगा आला आहे. अजून पाण्यात टाकलेला नाही, आधी इथे विचारावं म्हटलं.

१. माझ्या बसायच्या जागेशेजारी, कयाकच्या मधोमध, उचलायचं हँडल आहे. हाताशी तेच येतं. नांगर तिथे बांधला तर चालेल का?
२. १० मीटर दोरी पुरेल का? जिथे बसतो तिथे ओहोटीला चारेक मीटर पाणी असतं.
३. खडपात नांगर अडकला तर काय करायचं?
४. कयाकला भोकं पाडायची इच्छा नाही. त्याशिवाय काही सोय होते का?

---

देवबागकर यांचं उत्तर

पाण्यात टाकायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी: मधल्या हँडलला नांगर बांधू नका. थोड्या वेळासाठीही नाही, पाणी थांबल्यासारखं दिसलं तरी नाही.

कारण समजून घ्या. दोरी मधोमध बांधली की कयाक प्रवाहाला आडवी होते. पाणी ज्या बाजूने येतं त्याच बाजूची कड दोरी खाली खेचते. त्या कडेवर पाणी चढायला लागतं, कयाक आणखी कलते, आणखी पाणी चढतं. एका क्षणी ती येणाऱ्या पाण्याच्या दिशेने उलटते, आणि नांगर तिला तिथेच, आडवी, धरून ठेवतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे 'आत्तापर्यंत ठीक होतं' याला अर्थ नसतो. ओहोटी मध्यावर आली की अर्ध्या तासात चित्र बदलतं.

माझे वडील देवबागला उलांडीची (बाजूला तोलासाठी ओंडका बांधलेली) होडी चालवत. उलांडीमुळे ती होडी आडव्या पाण्यातही तोल धरते, तरी त्यांनी नांगर कायम नाळेवरूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरूनच टाकला. आपल्या कयाकला तर उलांडीही नाही.

म्हणजे दोरीचा ताण नाळेवर यायला हवा, पण तुम्ही मध्ये बसलेले, तुमचा हात नाळेपर्यंत पोचत नाही. यासाठी अँकर ट्रॉली असते. नाळेजवळ एक छोटी पुली, पिछाडीला एक पुली, दोन्हींतून फिरणारी ४ मिलिमीटर दोरीची एक बंद फेरी, आणि त्या फेरीत स्टीलची एक कडी. कडी तुमच्या हाताशी आणायची, नांगराची दोरी तिच्यातून ओवायची, मग फेरी ओढत कडी नाळेपर्यंत न्यायची आणि फेरी बाजूच्या क्लीटला (दोरी अडकवायच्या खुंटीला) अडकवायची. दहा फुटी कयाकला साडेसहा मीटर दोरी घ्या, गाठींसकट पुरते.

भोकं पाडायची गरज नाही. दोन्ही टोकांना उचलायची हँडलं असतातच, त्यांच्या बुडाशी पुल्या कॅराबिनरने (उघडझाप होणाऱ्या कडीने) लटकवा. एका बाजूच्या पुलीला वीतभर रबरी दोरी जोडली की फेरी ताणलेली राहते. क्लीटसाठी बसायच्या जागेजवळ आयती रेल किंवा कडी असेल तर तिच्यावर बसणारा मिळतो. टोकाच्या हँडलांचे स्क्रू मात्र एकदा हाताने हलवून बघा. प्लास्टिकमध्ये नुसते पिळलेले स्क्रू ढिले होतात. तसं असेल तर मागे नट-वॉशर घातल्याशिवाय त्यांच्यावर नांगराचा भार देऊ नका.

आता ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात त्या गोष्टीकडे येतो. नांगर धरतो कसा याची चर्चा सगळे करतात. मी आधी विचारतो, तुम्ही नांगरापासून सुटणार कसे? आणि किती सेकंदांत?

तुमच्यासोबत आलेला फुगा यासाठीच आहे. कल्पना अशी की संकट आलं की दोरी सोडायची, फुगा पाण्यावर राहतो, नांगर नंतर येऊन काढायचा. पण बरेच जण दोरी कडीतून ओवतात आणि फुगा दोरीच्या शेवटी, स्वतःच्या मांडीजवळ बांधतात. ओढाताणीत दोरी सोडली की ती सरसर पळते आणि फुगा कडीत येऊन अडकतो. कडीतून तो जाणार कसा? तुम्ही अजून नांगरालाच बांधलेले आहात, फक्त आता दोरी हातातून गेलेली आहे.

म्हणून फुगा कडीच्या *पलीकडे* हवा. रचना अशी करा: नांगर, त्याला साखळी, साखळीला दोरी, दोरी फुग्याला. फुग्यापासून पुढे अडीच-तीन मीटरची वेगळी, पातळ दोरी. ही पातळ दोरी ट्रॉलीच्या कडीतून ओवून तुमच्या हाताजवळच्या जॅम क्लीटमध्ये (दोरी गाठीशिवाय दाबून धरणाऱ्या खाचेत) दाबायची. तिच्या टोकाला गाठ नाही, फास नाही, कॅराबिनर नाही. टोक जळत्या काडीवर धरून गुळगुळीत केलेलं, बस्स. कडीची कड धारदार नको आणि तिचं भोक बोटभर रुंद हवं. सुटायचं असलं की क्लीटमधली दोरी वर उचलायची. टोक कडीतून निसटतं आणि तुम्ही मोकळे.

हे किनाऱ्याशी, कमरेएवढ्या थांबलेल्या पाण्यात करून बघा. दोघं जा, दुसऱ्याने दोरी ओढून धरायची आणि न सांगता हिसका द्यायचा. डाव्या हाताने करा, डोळे मिटून करा. दोरी एकदाही अडखळली तर कुठे अडखळली ते शोधा आणि बदला.

सुरीही हवी, ती लाइफ जॅकेटच्या छातीवर, बोथट टोकाची, दोन्ही हातांना पोचेल अशी. हॅचमध्ये (कयाकच्या झाकणाच्या कप्प्यात) ठेवलेली सुरी उलटल्यावर उपयोगाची नाही.

खडपात अडकण्याबद्दल. साखळी नांगराच्या वरच्या कडीला शॅकलने (पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कडीने) पक्की करू नका. ती बुडाकडच्या, जिथे आकडे फुटतात त्या टोकाच्या कडीला शॅकलने जोडा. मग साखळी दांड्याच्या कडेने वर आणा आणि वरच्या कडीला फक्त केबल टायने (प्लास्टिकच्या बांधायच्या पट्टीने) बांधा. नेहमीच्या ताणाला नांगर सरळ ओढला जातो. अडकला की त्याच्या बरोबर वर जाऊन जोरात खेचायचं, टाय तुटतो आणि नांगर उलटा, बुडाकडून निघतो. २.५ मिलिमीटर रुंदीचा टाय साधारण आठ किलोला तुटतो, ३.६ मिलिमीटरचा अठरा किलोला. कयाकवर बसून अठरा किलो खेचायला गेलात तर तुम्हीच कलाल, म्हणून अरुंद टाय घ्या. मासे तोलायचा हुकाचा काटा असेल तर घरी दरवाज्याला अडकवून एकदा तोडून बघा, हाताला अंदाज येतो. उन्हाने टाय ठिसूळ होतात, दर खेपेला नवा घाला आणि चार जादा खिशात ठेवा.

साखळी एक मीटर, ६ मिलिमीटरची पुरे. तिच्या वजनाने नांगर आडवा पडतो आणि आकडे रुततात. दुसरं, तुमच्या खडपांवर कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) असणार. कालवाची धार नायलॉनची दोरी कापते, साखळी कापत नाही.

१० मीटर दोरी कमी पडते. खोलीच्या किमान पाचपट धरा, म्हणजे चार मीटरला वीस, आणि भरतीचं पाणी चढतं ते वेगळं. ६ मिलिमीटर नायलॉन, ३० मीटर घ्या. ते बुडतं आणि थोडं ताणतं, दोन्ही गोष्टी कामाच्या. तरंगणारी पॉलिप्रॉपिलिनची स्वस्त दोरी नांगराला नको. ती पाण्यावर पसरते आणि जाणाऱ्या होडीच्या पंख्यात जाते. दोरी आखूड असली की नांगर फरफटतो, किंवा रुतला तर भरती चढताना नाळ खाली दाबतो.

ओहोटीचा जोर मोजायला एक सोपी पद्धत. तुमची कयाक तीन मीटर. नांगर टाकल्यावर पाण्यावरचं पान किंवा फेस नाळेपासून पिछाडीपर्यंत जायला सहा सेकंद लागले तर प्रवाह सुमारे एक नॉट (ताशी १.८५ किलोमीटर). तीन सेकंदांत गेलं तर दोन नॉट, आणि तेव्हा नांगर काढून घरी जायचं. त्याही आधी, जेटीवर तीन मीटरची खूण करून हेच बघता येतं, मग पाण्यात उतरायचं की नाही ते ठरवा.

---

वसईची_वल्हेवाली यांचं उत्तर

देवबागकरांनी सगळं नीट सांगितलंय, माझी एक भर. आमच्या वसईच्या खाडीत उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. दाभोळला त्यापेक्षा कमी असलं तरी हिशेब तोच. सकाळी चार मीटर पाण्यात वीस मीटर दोरी सोडून बसलात आणि पाणी दोन मीटर चढलं की पाचपटीला तीस मीटर लागतात. तुम्ही न हलता तुमची दोरी आखूड झाली. दर अर्ध्या तासाने दोरी बघायची सवय लावा.

आणि तिथी बघा. आमच्याकडे जुनी माणसं तिथीला तीनने गुणून चारने भागतात, येतं ते भरतीचं घड्याळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सहाला भरती, बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी. पहिल्यांदा नांगर टाकताय तर भांगाचाच दिवस धरा, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात नको. तिथीचा हिशेब अंदाजाचा आहे, बंदराचं भरतीचं कोष्टक हाताशी असू द्या.

डोल (खुंटांना बांधलेलं मोठं जाळं) लावलेली असेल तिथून लांब राहा. खुंट आणि बोये दिसतात, पण जाळं पाण्याखाली किती लांब आहे ते वरून कळत नाही. तुमचा नांगर फरफटत त्यात गेला तर जाळं फाटतं, आणि ते कोणाच्या तरी घरचं पोट आहे. आधी किनाऱ्यावर विचारा, लोक सांगतात.

---

धरणकाठी_गळ यांचं उत्तर

मी पवना आणि मुळशीला जातो. तिथे एवढं काही लागत नाही. दोन-अडीच किलोचं जुनं डंबेल, वीस मीटर दोरी, बाजूच्या हँडलला गाठ. वर्षानुवर्षं चाललंय. नवीन माणसाला उगाच घाबरवू नका, अशाने लोक कयाक घेणारच नाहीत.

---

देवबागकर यांचं उत्तर

@धरणकाठी_गळ, थांबलेल्या पाण्यात वजन पुरतं हे बरोबर. पण दोन गोष्टींवर आग्रह धरतो. प्रश्न ओहोटीच्या खाडीचा आहे, तिथे तुमची पद्धत वापरली तर माणूस उलटेल. आणि तुमच्या धरणातही, घाटावरून वारा उतरला की लाट बाजूने येते आणि डंबेल तळाच्या जुन्या खोडात अडकलेलं असू शकतं. तेव्हा ओली, ताणलेली गाठ बोटांनी सुटत नाही. डंबेल ठेवा, गाठ काढा. नाळेला कडी आणि हाताशी क्लीट एवढं तरी करा, कळकळीने सांगतो.

@वसईची_वल्हेवाली, डोलीचं तुम्ही सांगितलंत ते मी लिहायला हवं होतं. आमच्याकडे कर्लीच्या मुखाशी हाच विषय पर्यटकांच्या बोटींवरून निघतो.

---

वाशिष्ठीकाठचा यांचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. फुगा कडीच्या पलीकडे ठेवायचं वाचल्यावर कागदावर चित्र काढून बघितलं, तेव्हा लक्षात आलं. पुल्या आणि नायलॉन मागवलं आहे.

आणखी तीन शंका. पुढे-मागे दोन नांगर टाकले तर कयाक वळणार नाही, गळ टाकायला सोपं जाईल, तसं करावं का? नांगर परत काढताना कडी हाताशी आणली की कयाक आडवी होणार, मग काढायचा कसा? आणि खारफुटीच्या बाजूला निव्वळ चिखल आहे, तिथे हा नांगर धरेल का?

---

देवबागकर यांचं उत्तर

दोन नांगर प्रवाहात कधीच नकोत. एका नांगरावर कयाक वाऱ्या-पाण्याप्रमाणे फिरते, नाळ आपोआप प्रवाहाकडे राहते. दुसरा टाकलात की ते फिरणं बंद होतं, आणि भरतीची ओहोटी झाली, वारा फिरला की ती आडवी अडकते. थोडं वळणं सोसा, रॉड त्यानुसार धरता येतो.

काढण्याचा प्रश्न अगदी मोक्याचा विचारलात, कारण उलटण्याचे प्रसंग बरेचदा याच वेळी येतात. शक्य असेल तर पाणी थांबायची वेळ धरा. भांगाच्या दिवशी ती बऱ्यापैकी लांब मिळते. पाणी वाहत असेल तर कडी आहे तिथे, नाळेला राहू द्या. क्लीट सोडून पातळ दोरी मोकळी करा, मग तुम्ही नांगराला बांधलेले नाही, फक्त फुगा तरंगतोय. वल्हवत प्रवाहाविरुद्ध फुग्याच्या पुढे, नांगराच्या डोक्यावर जा, दोरी जाता जाता हातात घ्या. दोरी सरळ खाली उभी झाली की नांगर सहज निघतो. कुठेही बांधू किंवा मनगटाला गुंडाळू नका, नुसती मुठीत धरा. ओढ लागली तर मूठ उघडायची आणि दुसऱ्या फेरीला यायचं. दोन-तीन फेऱ्यांत निघाला नाही तर फुगा तिथेच राहू द्या, पाणी थांबल्यावर या. नवा नांगर बाजारात मिळतो. फक्त फुगा फेरीबोटीच्या वाटेत किंवा मच्छीमारांच्या येण्याजाण्याच्या वाटेत राहणार नाही अशीच जागा पहिल्यापासून निवडा. दाभोळ–धोपावे फेरीच्या रेषेपासून चांगलं अंतर ठेवा, तिची लाट नांगरलेल्या कयाकला हलवते आणि तिच्या चालकाला तुम्ही पाण्यालगत बसलेले पटकन दिसत नाही. काठीवर केशरी झेंडा लावा.

चिखलाचं: मऊ गाळात घडीचा नांगर लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकत येतो. तिथे पाणी दीड मीटरच्या आत असेल तर नांगराऐवजी बांबू वापरा. मनगटाएवढा नको, अंगठ्यापेक्षा थोडा जाड, अडीच-तीन मीटरचा, खालचं टोक तिरपं तासलेला. गाळात तिरका रोवायचा आणि तीच पातळ दोरी, तशीच कडीतून, तशीच बिनगाठीची, बांबूला. इथेही ताण नाळेवरच. खारफुटीच्या फांदीला कयाक बांधू नका. एक तर ती झाडं संरक्षित आहेत, आणि ओहोटीला पाणी सरकलं की तुम्ही गाळावर बसता. त्या गाळात उतरून चालता येत नाही, मांडीपर्यंत पाय जातो. मग पुढची भरती येईपर्यंत कयाकवरच बसून राहायचं, उतरायचं नाही.

जाताना घरी सांगून जा: कुठे, आणि किती वाजता परत. फोन पाणीरोधक पाकिटात अंगावर, शिट्टी जॅकेटला. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ दोन्ही क्रमांक फोनमध्ये आधीच भरून ठेवा.

---

वसईची_वल्हेवाली यांचं उत्तर

बांबूला वरच्या टोकाला एक छोटा फुगा किंवा रिकामी बाटली बांधा. दोरी सोडून गेलात आणि बांबू उपटला गेला तर परत सापडतो, आणि रात्री कोणाच्या होडीच्या आड येत नाही.

---

वाशिष्ठीकाठचा यांचा प्रतिसाद

सगळं टिपून घेतलं. कार्तिक वद्य अष्टमीला गावी आहे, चुलतभाऊ सोबत येतोय. पहिल्या दिवशी नुसता सराव, रॉड घरी. ट्रॉली बसवली की फोटो टाकतो, चुका दिसल्या तर सांगा.

---

देवबागकर यांचं उत्तर

नक्की टाका. दोन फोटो हवेत: एक नाळेजवळची कडी आणि फुगा, दुसरा तुम्ही जॅकेट घालून बसलेले असताना क्लीट हातापासून किती लांब आहे तो. केबल टाय कुठे बांधलाय तेही जवळून दाखवा, बरेच जण साखळीच्या चुकीच्या दुव्यातून घालतात आणि मग टायवर भार येतच नाही.